सल्ला हवा: इंदूरला भंवरकुआजवळ स्वस्त आणि रोज खाता येईल असं जेवण

तापीकाठची
नमस्कार मंडळी. मी बऱ्हाणपूरची. देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात एमएस्सीला प्रवेश झालाय आणि भंवरकुआला एका मुलीबरोबर खोली घेतली आहे. घरमालकीणबाई गॅस-शेगडी ठेवू देत नाहीत, फक्त विजेची किटली चालते. खाण्यासाठी महिन्याला साडेचार हजार रुपये आहेत, त्यापुढे जाता येणार नाही. शाकाहारी आहे, अंडं चालतं. संकष्टी करते. ज्याला विचारावं तो सराफा आणि छप्पन दुकान या खाऊगल्ल्या सांगतो, पण मला रोजचं हवंय. तिथे राहून कुणी शिकलं असेल तर सांगा ना.

जीरावन_सगळ्यावर
सकाळची काळजी सोड. भंवरकुआ चौकापासून कुठल्याही बाजूला चालायला लाग, पोह्यांचा ठेला दिसेलच. पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्यावर पोह्यांची परात ठेवलेली असते, त्यामुळे पोहे शेवटपर्यंत वाफेवर मऊ राहतात. आपल्या घरच्या पोह्यांसारखं वर खोबरं नसतं. बडीशेप असते, किंचित गोडसर चव असते आणि वरून सेव, कांदा, लिंबू, जीरावन (इकडचा कोरडा मसाला). वीस-पंचवीस रुपयांत प्लेट होते. जिलेबी वेगळी घ्यावी लागते, ती रोज घेऊ नकोस, पैसे तिथेच जातात.

जीरावनचं एक पाकीट मात्र खोलीत ठेव. मेसची फिकी डाळ, काकडी, उकडलेला बटाटा, कशावरही चालतं.

राजेंद्रनगरच्या_काकू
बाळा, अभिनंदन. मी बरीच वर्षं मुलांना डबे देत होते, म्हणून आतल्या गोष्टी सांगते.

भंवरकुआला कोचिंगची मुलं इतकी आहेत की गल्लोगल्ली टिफिन सेंटर आणि भोजनालयं आहेत. दोन्ही वेळचं साधारण अडीच ते साडेतीन हजारांत बसतं. म्हणजे तुझ्या पैशात डबा, सकाळचे पोहे आणि थोडं दूध-फळं होईल. जागा नीट निवडायची, एवढंच.

पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे देऊ नकोस. बहुतेक ठिकाणी एका वेळेचे पैसे देऊन जेवता येतं. तीन-चार ठिकाणी तसं जेवून बघ, आणि ते उशिरा जाऊन. रात्री साडेसातला सगळ्यांचीच डाळ घट्ट असते. साडेनऊला जा. फोडणी वर तरंगतेय आणि खाली पाणी वेगळं झालंय असं दिसलं, तर ती डाळ गर्दी वाढेल तशी वाढवलेली आहे. तिथे पुन्हा जायचं नाही.

आठवड्याच्या भाज्या विचार. फळ्यावर लिहिलेल्या असल्या तरी जेवायला बसलेल्या मुलींना विचार, त्या खरं सांगतात. पावसाळ्यात भाज्या महागल्या की बटाटा आणि सेव-टमाटर वाढतं. सेव-टमाटर इकडची आवडती भाजी आहे आणि चांगलीच लागते, पण आठवड्यातून चारदा ती आली तर पोटात भाजी अशी काही जात नाही.

थंडीत डबा गार झाल्यावर झाकण उघडून कडेला बघ. तेलाचा थर पांढुरका होऊन गोठला असेल तर पाम तेल किंवा वनस्पती तूप आहे. सोयाबीनचं तेल असं गोठून बसत नाही. मी डबे देत असताना कुठल्याच मुलाने मला तेल कोणतं असं विचारलं नाही. तू विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही, खाणार तू आहेस.

डब्यात पोळ्या मोजून येतात, चार किंवा पाच. बसून खाल्लंस तर गरम आणि हव्या तेवढ्या मिळतात. कॉलेजहून येताना मेस वाटेतच असेल तर बसून खा. परीक्षेच्या दिवसांत डबा मागव. बऱ्याच ठिकाणी असं बदलून घेता येतं, फक्त आधी ठरवून घ्यायचं.

आणि सुट्टीचं सगळ्यात आधी विचार. तू बऱ्हाणपूरला शनिवार-रविवार जाणार. किती दिवस आधी सांगितलं तर ते पैसे वळते होतात? काही ठिकाणी सलग तीन दिवस नसलीस तरच धरतात. तोंडी हो म्हणतात आणि महिनाअखेरीस विसरतात, म्हणून वहीत लिहून घे.

तापीकाठची
काकू, हे कुणीच सांगितलं नव्हतं, फार बरं झालं. गोठलेल्या तेलाचं तर आजच आईला फोन करून सांगितलं. अजून दोन विचारते. इथल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात म्हणे, तेव्हा काय करायचं? आणि संकष्टीला?

होळकर_सायन्सचा_जुना
रविवारी दुपारी मेसमध्ये दाल-बाफले (डाळीबरोबर उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) किंवा पनीर असतं आणि संध्याकाळी सुट्टी, हे बरोबर. बाफले पोटभर खाल्ले तर रात्री फार भूक लागतच नाही, हे आधी लक्षात घे.

भंवरकुआहून राजवाडा चारेक किलोमीटर आहे. शेअर रिक्षाने दोघी जा. राजवाड्याजवळ इमली साहिब गुरुद्वारा आहे, गुरु नानकदेव इथे चिंचेच्या झाडाखाली बसले होते असं मानतात. डोकं झाकून जा, दर्शन घे, लंगरमध्ये बस. डाळ, भाजी, पोळी, सगळ्यांबरोबर एका पंगतीत. कुणी कोण-कुठली विचारत नाही. वेळ असेल तर नंतर भांडी घासायला हात लाव, आम्ही मित्र लावायचो.

राजवाड्याच्या भागात उसळ पोहेही मिळतात. 'प्रशांत' या दुकानाचं नाव जुनं आहे. पोह्यांवर झणझणीत उसळ आणि सेव. इंदूरच्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, तुला सांगतो. नुसत्या पोह्यांपेक्षा उसळीमुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

संकष्टीला तर तुझी चैन आहे. इथे साबुदाण्याची खिचडी वर्षभर मिळते, उपवास असो वा नसो. आपल्यासारखी तुपात परतत नाहीत. भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवतात आणि तू मागितलीस की समोर त्यात मसाला, लिंबू, बटाट्याचा फराळी चिवडा मिसळून देतात. फक्त 'उपवास है' असं आधी सांग, मीठ-मसाला कोणता टाकतात ते बघ, आणि तुझ्या घरी कोथिंबीर चालत नसेल तर तेही सांग. चंद्रोदयापर्यंत थांबणार असशील तर दुपारी एवढं पुरतं.

सराफ्याबद्दलही लिहितो, कारण तू जाणारच आणि जायलाच हवं. सोन्या-चांदीची दुकानं रात्री बंद झाली की त्याच ओट्यांपुढे ठेले लागतात आणि मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. पण उपाशी पोटी जाऊ नकोस. भुकेल्या माणसाचे तिथे तीनशे रुपये कसे गेले कळत नाही. मेसमध्ये अर्धं जेवून जा आणि दोघींत वाटून खा. भुट्ट्याचा कीस एक प्लेट (किसलेलं कोवळं मक्याचं कणीस दुधात शिजवलेलं, पोटाला आधार होतो), जोशींचा दहीवडा एक, आणि थंडी असेल तर गराडू. गराडू हा एक कंद, फक्त हिवाळ्यात मिळतो. तळलेल्या गरम फोडींवर लिंबू आणि जीरावन. त्यासाठी मी अजून पुण्याहून येतो. इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी समजू नकोस, ती घट्ट दुधाची असते. एकीत दोघी घ्या.

छप्पन दुकान पलासियाला, तुझ्यापासून लांब. मित्रमैत्रिणींबरोबर वाढदिवसाला ठीक. तिथलं हॉट डॉग अजूनही विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतं.

एमजीएमची_ताई
एक गोष्ट जोडते. पोहे, साबुदाणा, कचोरी, जिलेबी, बटाटा, हे सगळं एकाच जातीचं, पिष्टमय खाणं आहे. पोट भरतं, पण वर्गात अकराला झोप येते आणि दोन महिन्यांत थकवा जाणवायला लागतो. अंडं खातेस ना, मग रोज संध्याकाळी ठेल्यावरची दोन उकडलेली अंडी खा, साध्या मेसच्या जेवणाला हीच जोड हवी. किटलीच्या कोमट पाण्यात रात्री हरभरे किंवा मूग भिजत घाल, पाणी काढून ओल्या रुमालात बांध, दुसऱ्या दिवशी मोड येऊ लागतात. कांदा, लिंबू, जीरावन. मूठभर शेंगदाणे पिशवीत ठेव. महिन्याला दूध आणि अंड्यांचे पैसे बाजूला काढूनच मेस ठरव.

मिल_एरियाचा
इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कधी घरून पैसे यायला उशीर झाला तर उपाशी झोपू नकोस. राज्य सरकारची दीनदयाल रसोई आहे. 2017 मध्ये पाच रुपयांच्या थाळीने सुरू झाली, मधल्या काळात दर दहा केला होता, 2023 मध्ये पुन्हा पाच. जेवण दुपारी मिळतं. मजूर, रुग्णांचे नातेवाईक आणि शिकायला आलेली मुलंही तिथे रांगेत असतात. ते जेवण आपल्या सगळ्यांसाठीच आहे, मान खाली घालण्याचं कारण नाही.

तापीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: सोमवारपासून चार ठिकाणी उशिरा जाऊन जेवायचं, मग मेस ठरवायची. दूध-अंड्यांचे पैसे आधीच वेगळे. रविवारी इमली साहिब. सराफा महिन्यातून एकदा, अर्धं जेवून.

काकू, एक शेवटचं. एका सेंटरवाल्यांनी डब्याची अनामत मागितली आहे, पाचशे रुपये. देऊ का?

राजेंद्रनगरच्या_काकू
स्टीलचे दोन डबे फिरत असतात, एक तुझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मुलं परत देत नाहीत म्हणून अनामत घेतात, त्यात गैर काही नाही. पण पाचशे जास्त आहेत, दोनशे-तीनशे म्हण. सेंटर पक्कं ठरल्यावरच दे, तारीख टाकून चिठ्ठी घे आणि सोडताना दोन्ही डबे एकदमच नेऊन दे, म्हणजे वाद होत नाही. डब्याच्या बुडाला तुझं नाव रंगवून घे, नाहीतर दुसरीचा डबा तुझ्याकडे येतो आणि सांडलेल्या भाजीवरून भांडण होतं.