भावाला परत पैसे द्यायचे का? देवाची इच्छा ओळखायची तरी कशी

ओंजळ_२
सगळ्यांना ख्रिस्तात सलाम. बरेच दिवस विचारू की नको चाललं होतं, आज लिहितेच. माझा धाकटा भाऊ अडचण आली की माझ्याकडे पैसे मागतो, मी देते, ते परत येत नाहीत आणि मी कधी मागितलेही नाहीत. आता त्याने पुन्हा मागितलेत आणि ह्यावेळी मिस्टर म्हणतात तू त्याला मदत नाही करत, बिघडवतेयस. मी प्रार्थना करून बायबल उघडलं तर मत्तय ५:४२ निघालं, जो मागतो त्याला दे. वाटलं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी रोजच्या वाचनात नीतिसूत्रे ६ आलं, दुसऱ्याला जामीन राहून अडकला असशील तर आधी स्वतःला सोडव. मग माझ्यासाठी ह्यातलं कुठलं? आणि आत जो आवाज येतो तो देवाचा, माझ्या भीतीचा, की आई लहानपणापासून भावाला सांभाळ म्हणायची तिचा? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय ज्ञान कमी पडत असेल तर देवाकडे मागा. मी रोज मागतेय. कळत का नाहीये?

पहाटवाचक
ताई, याकोब १:५ एकटं वाचू नका, २ ते ४ पासून वाचा. तिथे परीक्षा आणि धीर ह्याबद्दल चाललंय आणि त्यातच ज्ञानाचं येतं, म्हणजे ते परीक्षेत नीट उभं राहायचं ज्ञान आहे, उद्या काय होणार त्याची माहिती नाही. आणि तो "दोष न लावता" देतो असं लिहिलंय, तेव्हा पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून देव तुमच्यावर वैतागत नाही, हे आधी मनात पक्कं करा.
पान उघडून निघेल ते वचन धरणं मात्र सोडा असं मी सांगेन. लोक गिदोनाचं उदाहरण देतात, लढाईला जायच्या आधी त्याने देवाकडे खूण मागितली, लोकर भिजू दे आणि जमीन कोरडी राहू दे, मग त्याच्या उलट. पण शास्ते ६:३६ बघा, तो स्वतःच म्हणतो "तू सांगितल्याप्रमाणे". देवाने काय करायचं ते आधीच सांगितलं होतं, त्याला धीर होत नव्हता. देवाने सांभाळून घेतलं ही त्याची कृपा, पण ती आपल्यासाठी पद्धत होत नाही.
शलमोन राजाने १ राजे ३ मध्ये देवाकडे जे मागितलं ते मूळ हिब्रूत "ऐकणारं मन" आहे. आणि लगेच पुढे एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या त्या दोन आया येतात. तिथे आकाशातून काही खूण आली नाही, बाळासाठी कोणाचा जीव तुटतोय ते त्याने ओळखलं. पारख म्हणजे समोरचं माणूस नीट दिसणं. तुमच्या भावाला नक्की काय झालंय हे तुम्हाला माहितीये का? पोस्टमध्ये ते कुठेच नाही म्हणून विचारतो.

जुनी_वही
अगं बाळा, गलतीकरांस पत्र, अध्याय ६ काढ. वचन २ मध्ये म्हटलंय एकमेकांची ओझी वाहा आणि वचन ५ मध्ये म्हटलंय प्रत्येकाने आपला भार वाहावा. मला आधी हे उलटसुलट वाटायचं. पण ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, पहिला एकट्याला न पेलणाऱ्या वजनासाठी आणि दुसरा ज्याने त्याने आपल्या पाठीवर न्यायच्या बोज्यासाठी. आजारपण, नोकरी जाणं हे पहिलं. स्वतःचा महिन्याचा हिशोब हे दुसरं. ते आपण उचललं तर त्याची पाठ कधी तयारच होणार नाही गं.
माझ्या दिराच्या बाबतीत मी किती वर्षं दोन्ही उचलत होते. मग हातात पैसे देणं थांबवलं, मुलांची फी परस्पर भरली आणि कर्जाचे कागद घेऊन त्याच्याबरोबर बसले. वर्षभर नीट बोलला नाही माझ्याशी. मी रडत होते पण फी भरत होते.

सांजदिवा
मी कॅथलिक आहे, आमच्याकडे ह्यासाठी संत इग्नेशियस लोयोला ह्यांची शिकवण वापरतात. १५२१ मध्ये पँपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर पडून वाचायला ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्रच मिळालं. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची पण नंतर मन कोरडं पडायचं, संतांसारखं जगावं असा विचार केला की नंतरही आनंद टिकायचा. म्हणून विचार मागे काय ठेवून जातो ते बघायचं. रोज रात्री दिवसावर एकदा देवासमोर नजर फिरवा, आणि मन उदास, कोरडं असताना आधी ठरवलेलं बदलू नका.

खडकावर_घर
हे आवडलं पण थोडी काळजी वाटते. शांती वाटली म्हणजे देवाकडून, असं म्हणत मी एकदा मोठी चूक केलीये, शिवाय एकाने "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" म्हटलं आणि मी काही न तपासता ऐकलं. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूला कुठे हलकं वाटत होतं, लूक लिहितो घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. तरी तीच पित्याची इच्छा होती. १ थेस्सलनी ५:२१, सगळं पारखा. आणि ताई, मिस्टर जे बोलले तोही सल्लाच आहे ना, देव घरातल्या माणसाच्या तोंडूनही बोलू शकतो.

सांजदिवा
बरोबर आहे तुमचं. फक्त त्या टिकणाऱ्या आनंदाला इग्नेशियस सांत्वन म्हणतात आणि ते नुसतं बरं वाटणं नाही, विश्वास, आशा, प्रीती वाढली तर डोळ्यात पाणी असतानाही ते असतं.

ओंजळ_२
सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटवाचकांचा प्रश्न लागला मला, कारण खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी किती हवेत एवढंच विचारायचे, कशाला ते कधीच नाही, विचारलं तर तो दुखावेल असं वाटायचं. काल फोन केला. आधी चिडला, मग बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला ताई एका कर्जाचे हप्ते फेडायला दुसरं कर्ज काढलंय आणि बायकोला अजून सांगितलं नाहीये. पैसे देईन का ते मी काही बोलले नाही. रविवारी उपासनेनंतर मी आणि मिस्टर त्याच्याकडे जातोय, त्याला कागद काढून ठेवायला सांगितलंय आणि त्याआधी बायकोशी बोल म्हटलंय. जुनी वही काकू, ती आम्हाला दार उघडेल का ह्याचीच धाकधूक आहे, प्रार्थनेत ठेवा.