टीम फोर्ट्रेस २ (ऑनलाइन नेमबाजीचा खेळ) : स्पाय सेंट्रीपाशी येतोच. आधी सॅपर काढायचा की आधी स्पाय मारायचा?

तिसरी_पायरी
डस्टबाउल नकाशा, बचावाची बाजू, मी इंजिनिअर, म्हणजे यंत्रं बांधणारा. लेव्हल ३ सेंट्री (आपोआप गोळ्या झाडणारी तोफ), बाजूला डिस्पेन्सर (हेल्थ आणि गोळ्या पुरवणारं यंत्र), मागे टेलिपोर्टर (टीमला पुढे पोचवणारं यंत्र). समोरून येणाऱ्यांना सेंट्री पुरून उरते. पण स्पाय, म्हणजे सोंग घेणारा नि अदृश्य होणारा हेर, मागून येऊन सॅपर (यंत्र बंद पाडून हळूहळू मोडणारं उपकरण) चिकटवतो आणि पाना मारायला वळलं की पाठीत सुरा. क्रम काय ठेवायचा? आणि आपल्या टीमचं सोंग घेतलेला ओळखायचा कसा? दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत बसलो तर पुढचं कोण बघणार?

पाना_बहाद्दर
आधी स्पाय. हिशोब सोपा आहे. सॅपर सेकंदाला २५ हेल्थ खातो, लेव्हल ३ सेंट्रीची हेल्थ २१६, म्हणजे तुझ्याकडे साधारण साडेआठ सेकंद असतात. सॅपरची स्वतःची हेल्थ १०० आणि पान्याचा फटका ६५, म्हणजे दोन फटक्यांत तो निघतो. घाई कसलीच नाही. पण स्पायकडचे सॅपर संपत नाहीत. तू काढलास की तो लगेच दुसरा लावतो, आणि तेवढा वेळ तुझी पाठ त्याच्याकडे.

आणखी एक. सॅपर लावताना त्याचं सोंग उतरत नाही. सेंट्री बंद पडली त्या क्षणी शेजारी 'आपला' म्हणून जो उभा आहे, शॉटगन त्याच्यावर. नाव, चेहरा काही बघू नकोस.

काही स्पाय उलटा डाव टाकतात: आधी तुला भोसकायचं आणि सेंट्री वळायच्या आत तिला सॅपर लावायचा. त्यावर उपाय जागेचा. कोपऱ्यात पाठ टेकून बस, आणि त्याच जागेवरून सेंट्री आणि डिस्पेन्सर दोन्हींना पाना पोचेल अशी मांडणी कर. मागे उभं राहायला जागाच नसेल तर एका घावात मारता येत नाही, त्याला रिव्हॉल्व्हर काढावं लागतं. रिव्हॉल्व्हर झाडलं की सोंग गेलं, मग सेंट्री बघून घेते.

धूर_नि_जाळ
पायरोच्या, म्हणजे आग फवारणाऱ्याच्या, बाजूने. सोंग ओळखायला डोळ्यांपेक्षा अंगाचा धक्का कामाचा. आपल्या टीमच्या माणसातून आरपार जाता येतं, शत्रूतून नाही, मग त्याने कुणाचंही सोंग घेतलेलं असो. म्हणून संशय आला की सरळ त्याच्या अंगावर चालून जायचं. अडलास, तर तो स्पाय. गोळी वाचते, वेळही वाचतो. अदृश्य स्पायला धक्का लागला तर तो क्षणभर चमकतो, तेवढं पुरतं.

वेगही बघ. स्पायचा वेग मूळ वेगाच्या १०७ टक्के, स्काउटचा (सगळ्यांत वेगवान खेळाडू) १३३. स्काउटचं सोंग घेतलं तरी तो आपल्याच वेगाने धावतो, म्हणून 'रेंगाळणारा स्काउट' दिसला की समजायचं. हेवीचं (सगळ्यांत मंद खेळाडू) सोंग घेतलं तर मात्र तो हेवीइतकाच मंद होतो, तिथे वेगावरून काही कळत नाही. तेव्हा तो गोळी झाडतोय का ते बघ. आघाडीवर उभा राहून एकही गोळी न झाडणारा हेवी कशाला आलाय तिथे?

पायरोला आग लागून राहत नाही. आपला पायरो पेटलेला फिरताना दिसला तर तो बहुधा आपला नाही.

जाळ सगळीकडे फवारत फिरू नका. फवारा मारायचा तो टेलिपोर्टरच्या तोंडाशी, डिस्पेन्सरच्या मागे आणि हेल्थ किटच्या वाटेवर. पेटलेला स्पाय अदृश्य झाला तरी ज्वाळा दिसतात, आणि विझवायला तो हेल्थ किटकडे नाहीतर पाण्याकडेच पळतो. मागे धावण्यापेक्षा किटपाशी आधी पोचा. होमरेकर हातोडा घेतलात तर पायरोही सॅपर काढू शकतो, एका फटक्यात. माणसांवर त्याचा मार कमी बसतो, पण इंजिनिअरजवळ राहणाऱ्याला तो सौदा परवडतो.

मधला_मेडिक
वरचं पटलं, फक्त डेड रिंगरवाल्याला (मेल्याचं सोंग करू देणारं स्पायचं घड्याळ) धक्क्याने धरता येत नाही. तो मेल्याचं सोंग करतो: प्रेत पडतं, किलफीडमध्ये (कुणी कुणाला मारलं त्या पडद्यावरच्या यादीत) नावही येतं. म्हणून किलफीडवर विसंबू नका. तुम्ही किती मार दिलात ते आठवा. स्पायची हेल्थ १२५. जाळाची एक झुळूक लागून भरल्या हेल्थचा स्पाय 'मेला' तर तो मेलेला नाही. प्रेत पडलं तिथून पुढच्या आडोशापर्यंत फवारा चालू ठेवा. परत प्रकट होताना त्या घड्याळाचा आवाज मोठा येतो, त्यामुळे हेडफोन असू द्या.

मेडिकच्या करवतीचा फटका ६५, म्हणजे दिसणारा स्पाय दोन फटक्यांत जातो. अदृश्य असताना त्याला मार कमी लागतो, तिथे दोन पुरत नाहीत.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरशी बोलण्यात होणाऱ्या उशिराचं, लक्षात ठेवा. वार लागला की नाही हे सर्व्हर स्पायला जे दिसत होतं त्यावरून ठरवतो. तुमच्या पडद्यावर तुम्ही वळलेला असता, त्याच्या पडद्यावर अजून पाठच दिसत असते. म्हणून आवाज ऐकून वळणं पुष्कळदा उशिराचं ठरतं. वळण्याऐवजी पुढे उडी मारून अंतर वाढवा, मग वळा.

तिसरी_पायरी
धक्क्याचं माहीत होतं, जळणाऱ्या पायरोचं नव्हतं. सेंट्री एकीकडे आणि टेलिपोर्टर लांब असेल तर?

पाना_बहाद्दर
तर टेलिपोर्टरला सॅपर लागला म्हणून धावत जाऊ नकोस. सेंट्रीपासून तुला हलवण्यासाठीच तो लावलेला असतो. सूचना आली की आधी सेंट्रीभोवती एक फेरी मार. टेलिपोर्टर परत बांधता येतो.