थिअरी पासापुरती करून कोडिंगकडं वळू का?

पंचगंगा_काठ:
सेकंड इयर बीटेक कॉम्प्युटर, कोल्हापुरातलंच कॉलेज, नाव नको. सकाळी डीबीएमएसमध्ये (डेटाबेसचा विषय) कागदावर बी-ट्री, म्हणजे डेटा पटकन शोधायची झाडासारखी रचना, काढायची आणि दुपारी लॅबमध्ये अजून तोच निळा टर्बो सी++ (प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर), क्लिअरस्क्रीन लिहिलं नाही की मार्क कट. तोच प्रोग्राम घरी लिनक्सवर टाकला तर पहिल्याच ओळीला बोंब, टर्बोची कॉनिओ डॉट एच फाईल सापडत नाही म्हणे. जर्नल तर निम्मं मागच्या बॅचचं बघून उतरवलंय. मित्रानं राजारामपुरीत क्लास लावला, सहा महिन्यांत वेबसाईटी बनवायला लागलाय. पप्पा म्हणतात गप डिग्री कर. कुणी पासापुरती थिअरी करून निभावलंय का?

फॅट_एसएनएफ:
मी केलंय भावा. पहिलं काम मिळालं दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचं, सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), त्यावर दर आणि दहा दिवसांनी बिल. मी सगळे पैसे फ्लोटमध्ये (दशांश आकडे ठेवायचा प्रकार) ठेवलेले, स्क्रीनवर एकदम झकास दिसत होतं. पहिल्याच बिलाला सेक्रेटरी काकांनी लाल वही उघडली, कॅल्क्युलेटरवर टोटल मारली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, पोरा रुपया चाळीस पैसे कुठं गेले? तीनेकशे उत्पादक, सहा हजार नोंदी, मी दोन रात्री कोडमध्ये चूक शोधतोय आणि चूक कोडच्या लॉजिकमध्ये नव्हतीच. ०.१ हा आकडा बायनरीत नेमका बसतच नाही, दहा वेळा बेरीज केली तर डबलमध्येसुद्धा (फ्लोटचा जास्त अचूक भाऊ) १ येत नाही, ०.९९९९... येतं, फ्लोटमध्ये तर टोटल लाखांत गेली की पैशांचे आकडे धरायला जागाच उरत नाही. शेवटी सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवलं. आयईईई ७५४, कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडे कसे ठेवायचे याचं १९८५ चं स्टँडर्ड, फर्स्ट इयरलाच शिकवलेलं, तेव्हा मी मागच्या बाकावर झोपलेलो.

उद्यमनगर_लेथ:
असं सांगून पोरांना घाबरवू नका राव. गिट (कोडमधले बदल सांभाळायचं टूल) २००५ पासून आहे आणि आमच्याकडं पास होऊन येणाऱ्या पोरांना ब्रँच (कोडची वेगळी फांदी) म्हटलं की बँकेची आठवते. लेथवर हात बसल्याशिवाय उद्यमनगरात कुणी कारागीर म्हणत नाही, हे पण तसंच आहे. क्लास लाव बिनधास्त, फक्त फी एकदम भरू नको.

खडू_डस्टर:
मी शिकवतो, त्यामुळं शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. टर्बोची तक्रार मान्य, तो सी++चं पहिलं स्टँडर्ड आलं त्या १९९८ च्या आधीचा आहे. पण बी-ट्रीची टिंगल नको. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दहा लाख ओळींचं टेबल कर, एक नाव शोध, मग नावावर साधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा) लाव आणि परत तेच शोध, दोन्ही वेळा एक्स्प्लेन ॲनालाइज लावून, म्हणजे कसं शोधलं आणि किती वेळ लागला ते दिसेल. तो इंडेक्स म्हणजे तू कागदावर काढतोयस त्याचंच भावंड. झाडाच्या एका नोडमध्ये (गाठीत) शेकडो कीज (ज्यावरून शोधायचं ती नावं) मावतात म्हणून तीन पायऱ्यांत काम होतं. जर्नलमध्ये हे लिहून आण, मी तरी आनंदानं सही करेन.

पंचगंगा_काठ:
सर केलं रात्री. आधी सीक्वेन्शल स्कॅन (सगळ्या ओळी एकेक करून बघणं), १८० मिलिसेकंद, इंडेक्स लावल्यावर एक मिलिसेकंद पण नाही. पण नावाच्या शेवटी 'राव' असलेले सगळे शोधले तर इंडेक्स असून परत सीक्वेन्शलच, असं का?

खडू_डस्टर:
मतदार यादी पहिल्या अक्षरानं लावलेली आहे असं धर. त्यातनं सगळे 'राव' कसे काढशील?

पंचगंगा_काठ:
पहिल्या पानापासनं शेवटपर्यंत बघत जावं लागेल. अरे हां. मग नावं उलटी करून इंडेक्स लावला तर?

खडू_डस्टर:
करून बघ आणि इथंच टाक.