टोनआर्मवरचं उडालेलं निकेल: नवं चढवावं की आहे तसं ठेवावं?

गिरणीचा भोंगा:
सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका भंगारवाल्याकडून एचएमव्हीचा १०१ पेटी ग्रामोफोन घेतलाय. (घरात सगळे फोनोच म्हणतात, मीही म्हणतो.) चावी नीट बसते, एका चावीत तबकडीची एक बाजू पूर्ण वाजते. दुखणं आहे ते चमकीचं. टोनआर्मच्या (आवाज पेटीत नेणारी वाकडी नळी) वाकणावर निकेल उडून पितळ दिसतंय, पेटीच्या कड्यांवर गंजाचे ठिपके आहेत आणि साउंडबॉक्सच्या (नळीच्या टोकाची, सुई बसवायची गोल डबी) कडेला हिरवट थर धरलाय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका प्लेटिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "सगळं खोलून आणा, बफ मारून (फिरत्या चाकावर घासून) क्रोम करून देतो, बुलेटच्या सायलेन्सरसारखं दिसेल."
माझं मत, द्यावं करायला. तांब्याच्या पातेल्याला कल्हई करतोच की आपण. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं 'जुनं ते सोनं' नको.

अभ्रकाचा पडदा:
कल्हईचं उदाहरण इथं लागू नाही. कल्हईवाला तांबं घासून बारीक करत नाही. प्लेटिंगवाल्याला मात्र आधी जुना मुलामा उतरवावा लागतो, मग बफ. बफ फिरला की कडा गोल होतात, सुई आवळायच्या स्क्रूच्या बारीक खाचा बोथट होतात, साउंडबॉक्सवरची अक्षरं पुसट होतात. ती पुन्हा कोण कोरून देणार?
शिवाय क्रोम! १०१ बाजारात आला १९२५ साली. सुरुवातीच्या पेट्यांवर निकेलच असायचं, क्रोम मागून आलं. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार. क्रोम निळसर, ट्यूबलाइटच्या उजेडासारखं. जाणकाराला दारातूनच कळतं.
आणि वाकणावरचं पितळ का उघडं पडलं? पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलायची असते. दर वेळी हात तिथंच पडतो. ती झीज म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं गाणी ऐकल्याची खूण आहे.

बफवाला:
मी सहा वर्षं प्लेटिंगच्या कामात काढली, म्हणून थोडं आमच्याही बाजूनं. पितळी भाग कुशल माणसाकडे दिला तर बिघडत नाही. फक्त स्पष्ट सांगायचं: क्रोम नको, निकेलवर थांब, बफ हलका मार. पितळ उघडं राहिलं तर घामानं काळं पडत जाणारच, त्याला खूण म्हणून किती दिवस कुरवाळायचं?
मात्र साउंडबॉक्स देऊ नका. पुष्कळ साउंडबॉक्स जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. जुना झाला की तो आतून फुगतो, तडकतो. आमच्याकडे एकदा असा एक आला होता. मी न विचारता ॲसिडच्या टाकीत सोडला. बाहेर काढला तेव्हा चहात जास्त वेळ बुडलेल्या बिस्किटासारखा हातात आला. गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची चोरी झाली.
ओळखायचं कसं? जिथं ओरखडा आहे तिथं बघा. पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी दिसलं आणि चुंबकही चिकटला नाही, तर हात जोडा आणि परत घरी न्या.

विजापूर वेस:
काय बे, एवढी चर्चा! चिंच-मीठ लाव, आईची समई बघ कशी लखलखते.

अभ्रकाचा पडदा:
@विजापूर वेस, समई भरीव पितळेची आहे ओ. इथं निकेलचा पातळ पापुद्रा, त्याला बारीक बारीक भोकं. चिंचेचं आंबट आणि मिठाचं पाणी त्या भोकांत शिरून बसतं, धुऊनही पुरतं निघत नाही, आणि महिन्याभरात हिरवं पुन्हा वर. तांब्यापितळेच्या पावडरीही खरखरीत असतात, निकेलच खरवडून नेतात.
मी काय करतो ते सांगतो. साउंडबॉक्स आधी उतरवून बाजूला, कारण आतला अभ्रक आणि रबर ओलं व्हायला नको. टोनआर्मवर रॉकेलचा बोळा फिरवला की बराचसा मळ पहिल्या दहा मिनिटांत निघतो. हिरवं असेल तिथं शिलाई मशिनचं तेल लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी बांबूची दात कोरायची काडी चपटी करून हळूहळू उचलायचं. लोखंडी काही लावायचं नाही, नखसुद्धा जपून. शेवटी कोरडं फडकं आणि रंगहीन मेणाचा हात. आपली हवा कोरडी, कोकणासारखा रोजचा दमट मारा नाही, त्यामुळे मेण बरंच टिकतं.

गिरणीचा भोंगा:
रविवारी रॉकेल आणि काडी घेऊन बसलो. साउंडबॉक्स राखाडी निघाला, म्हणजे बफवाल्यांनी वाचवलं. टोनआर्म अर्धा साफ झाल्यावर लक्षात आलं, ज्याला मी उडालेलं निकेल समजत होतो त्यातलं निम्मं नुसतं चिकट तपकिरी मळ होतं. खाली निकेल शाबूत.
पण झिजेचं कौतुक मला अजून पटलेलं नाही. भंगारातून घेतलेल्या पेटीवर कुणाचा हात पडला होता कोण जाणे, माझ्या आजोबांचा तर नक्कीच नाही. कड्या लोखंडी आहेत, गंज खोल गेलाय. त्या दोन मी निकेलला देणारच.

अभ्रकाचा पडदा:
द्या. पण जुने स्क्रू त्याच्याकडे सोडू नका, डबीत घालून घरी ठेवा. तिकडे हरवले तर त्या मापाचे मिळायला फार हिंडावं लागेल.

बफवाला:
स्क्रू हरवतात, हे मात्र खरं.