मदत हवी आहे: बेथपेज ब्लॅक या गोल्फ कोर्सचा १५वा होल कसा खेळायचा?

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचा हा १९३६चा सरकारी कोर्स. इथे २००२ आणि २००९चं यू.एस. ओपन झालं. कार्ट नाही, अठराही होल चालतच खेळायचे. त्यामुळे १५व्यापर्यंत पाय जड होतात, आणि नेमका तिथेच चढ!

ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) फेअरवेपेक्षा (आखूड गवताच्या पट्ट्यापेक्षा) साधारण ५० फूट उंच. दर ३ फुटांना १ यार्ड धरला तर १६-१७ यार्ड वाढतात. म्हणजे १५० यार्डांना ७ आयर्न हा क्लब लागत असेल तर त्याहून लांब मारणारा ५ आयर्न किंवा हायब्रिड. पण चढावर बॉल सपाट उतरतो आणि पुढे पळतो. कमी पडला तर ग्रीनच्या पुढ्यातले खोल बंकर (वाळूचे खड्डे).

प्रश्न असा: हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) १४, ड्राइव्ह (पहिला फटका) २२० यार्ड, बॉल दाट रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात). लांब हायब्रिड मारावा, की वेजने (उंच, जवळच्या फटक्याच्या क्लबने) फेअरवेवर आणून ८०-९० यार्डांवरून तिसरा फटका घ्यावा? ओल्या रफमध्ये हायब्रिडचं तोंड गवतात अडकून वळतं, म्हणून मला वेज बरा वाटतो.

चौथ्या होलवरचा तो आडवा, अवाढव्य बंकर दुसऱ्या फटक्यात पार करावा की अलीकडेच थांबावं, तेही सांगा. प्रत्यक्ष खेळलेल्यांनी क्लब आणि यार्ड लिहून उत्तर द्यावं, प्लीज.