आई-अण्णा ऊसतोडीला, दुसरा डोस राहिलाय अन् नंबर मुकादमाचा लागलाय

वडवणीकर (६ जानेवारी २०२२)
नमस्कार मंडळी. आम्ही बीड जिल्ह्यातले, वडवणी तालुका. १२ ऑक्टोबरला, लसीकरणाची कवच कुंडल मोहीम चालू होती तेव्हा, गावच्या शाळेत आई-अण्णांनी कोविशिल्डचा पहिला डोस घेतलता. तीन दिवसांनी दसरा, अन् दसरा झाला की टोळी निघाली. आता दोघं शिरोळकडं उसात आहेत. दुसऱ्या डोसाला लागतात ते ८४ दिवस परवाच भरले. घोळ असा की नोंदणीला घरचा मोबाइल नंबर नव्हता, टोळीच्या मुकादमाचा लावला. अण्णा म्हणतात, गावाकडं आल्यावर बघू, मार्च-एप्रिलात. इकडं ओमिक्रॉनच्या बातम्या. तिकडं दुसरा डोस भेटंल का? माझ्या नंबरानं नव्यानं नोंदवलं तर चालंल का? मी औरंगाबादला अभ्यास करायलोय, इथून काय करता येईल?

माजलगाव_एक्सप्रेस
टाक की नवीन नंबर. आमच्या मेव्हण्यानं तसंच केलं. काही होत नाही.

उपकेंद्राची सिस्टर
वडवणीकर दादा, वरचं ऐकू नका. नवीन नंबर टाकला की अण्णांचे पहिले डोस दोन दिसतात अन् दुसरा एकबी नाही. मग ती दोन सर्टिफिकेटं कोविन पोर्टलवर जोडत बसा. मेव्हण्याचं एकदा उघडून बघा म्हणावं.

जुनाच नंबर सांगायचा, अन् पहिल्या वेळी दाखवलं तेच ओळखपत्र न्यायचं. दुसरा डोस देशात कुठंही घेता येतो. लस तेवढी तीच पाहिजे, कोविशिल्डवर कोविशिल्ड. मुकादमाकडून पहिल्या डोसाचं सर्टिफिकेट व्हॉट्सअपवर मागून घ्या. त्यावर रेफरन्स आयडी असतो, तो वडलांच्या खिशात कागदावर लिहून ठेवायला सांगा.

नंबराच्या घोळात मुकादमाचा दोष कमी अन् आमचा जास्त. एका नंबरावर चारच माणसं बसतात. तांड्यावर चाळीस माणसं रांगेत, फोन सहा, त्यातले दोन बंद. रेंज नाही म्हणून वहीत लिहून घ्यायचो अन् रात्री उपकेंद्राच्या गच्चीवर नेट धरून भरायचो. ज्याच्यापुढं नंबर कोरा त्याला आशाताईचा टाकला, माझा टाकला, माझ्या मालकाचाबी टाकला. आता कर्नाटकातल्या फडातून फोन येतात, "सिस्टर, नंबर आला का?" तीन मिनिटांत ओटीपी सांगितला नाही तर परत पहिल्यापासून. पोळपाटावरची चपाती तशीच ठेवून सांगते.

एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. तेव्हा लस नव्हती अन् माणसं पहाटे पाचला दारात. मोबाइलवर स्लॉट धरून शहरातली पोरं गाड्या घेऊन आमच्या पीएचसीत, म्हणजे आरोग्य केंद्रात यायची, अन् गावची माणसं ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघायची. ऑक्टोबरात आयएलआर, म्हणजे लसीचा फ्रीज, भरलेला, तर माणसं सोयाबीन काढायला. सेशनचा वार वरून ठरून यायचा. मी सकाळी नऊला कॅरिअर घेऊन शाळेत, अन् गावात म्हातारी अन् कोंबड्या.

वरचे म्हणायचे अफवा लई आहेत, पोस्टर लावा. अफवा होत्याच, मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस जातं, सगळं ऐकलं. पण खोदून विचारलं की शेवटी एकच निघायचं: ताप आला तर दोन दिवसांची मजुरी कोण देणार? त्याचं पोस्टर कुणी छापलं नव्हतं. मग मीच साहेबांना म्हणलं, आमच्याकडं बाजार सोमवारी, त्या दिवशी कुणी कामाला जात नाही. रविवारी दिवस मावळता सेशन द्या. ताप आलाच तर बाजाराच्या दिवशी येईल. साहेब आधी हसले, मग दिलं.

पहिल्याच रविवारी तांड्यावर नऊ माणसं बसली. बाटलीत दहा डोस, अन् एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर वाया गेलेल्याचा हिशोब माझ्याकडून. बाटली न उघडता अर्धा तास बसले. एक आजोबा शेळ्या घेऊन आले. म्हणलं, बाबा, बसा. म्हणले, "उद्या शेळ्या कोण राखील?" तांड्याच्या नायकानं आपल्या नातवाला पुढं केलं, हा राखील. आजोबांनी बाही वर केली, पण शेळीचं दावं शेवटपर्यंत सोडलं नाही. मी टोचलं अन् शेळी माझा पदर खायली.

अजून एक. कुणाचा डोस राहिलाय त्या आमच्या ड्यू लिस्टपेक्षा मुकादमाची उचलीची, म्हणजे आगाऊ पैशाची, वही पक्की असते. कोणता कोयता, म्हणजे कोणते नवरा-बायको, कोणत्या कारखान्याला, सगळं त्यात. ती बघूनच मी दसऱ्याच्या आधी टोळ्या गाठल्या. पण ती यादी कारखान्याच्या तालुक्याला पुढं धाडायची सोय कुणी केली नाही. तुमच्या औरंगाबादेत नोव्हेंबरात लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही असा आदेश निघाला. रेशनवाले येतीलबी रांगेत. टोळीचं काय? ती तोवर उसात.

शिरोळचा_चिटबॉय
मी हिकडं कारखान्याच्या शेती खात्यात हाय. तुमच्या टोळ्यांचा अड्डा, म्हणजे मुक्कामाची जागा, सांगा. आमच्या पीएचसीची माणसं अड्ड्यावर येत्यात, पण दुपारी येत्यात आणि माणसं फडात. संध्याकाळी गाड्या खाली करून आल्यावर या म्हणून मी बोलतो. सिस्टरचं बाजाराचं डोक्यात ठेवलंय. आमच्यात टोळीला सुट्टी अशी नसती, पण गाडी नादुरुस्त झाली की दिवस मोकळा मिळतोय.

वडवणीकर (१४ जानेवारी)
झालं एकदाचं. चिटबॉय दादांमुळं परवा सात वाजता अड्ड्यावर सतरा जणांना दिला. मुकादम तिथंच होता, नंबर त्यानंच सांगितला. अण्णांना रात्री ताप आला, पडून आहेत. आईचा हात दुखायलाय, तरी पहाटे मोळ्या बांधायला गेली.

उपकेंद्राची सिस्टर
आईला गोळी द्या म्हणावं, जेवल्यावर. अन् सर्टिफिकेट उघडून बघा, नाव बरोबर आहे का. माझ्याकडून तांड्यावरच्या तीन बाया सर्टिफिकेटावर पुरुष झाल्यात.