मदत हवी आहे : ‘घोस्ट’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द

नमस्कार. १७व्या शतकातील इंग्रजी गद्याचा अनुवाद करताना मी ‘घोस्ट’ या शब्दापाशी अडलो आहे. जुन्या इंग्रजीतील ‘गास्ट’, म्हणजे श्वास किंवा आत्मा, हे त्याचे मूळ असून जर्मन ‘गाइस्ट’ त्याचाच भाऊबंद आहे. ‘ghost’ या स्पेलिंगमधला ‘एच’ मात्र, आजच्या बेल्जियममधील ब्रूज शहरात राहून आलेल्या विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यानंतर, तिकडच्या फ्लेमिश भाषेच्या वळणाने शिरला असे मानतात. ‘होली घोस्ट’साठी ‘पवित्र आत्मा’ रूढच आहे. परंतु जिथे मृताचा आत्मा आणि त्याचे दिसणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात, तिथे ‘भूत’ फार उग्र वाटते आणि ‘आत्मा’ फार सात्त्विक. दोन्ही छटा पेलणारा एखादा जुना मराठी शब्द कृपया कोणी सुचवाल का?